तळातली तार

धरणाचा दरवाजा दुरुस्त करायचा म्हणून जलाशयाचं पाणी उतरवायला घेतलं, तेव्हा काठावरच्या मच्छीमारांना आधी चैनच वाटली. पाणी रोज हातभर खाली जायचं, उरलेल्या पाण्यात मासे दाटीवाटीनं कोंडायचे आणि एका खेपेत होडी भरायची. पण आठवडाभरात नूर पालटला. पाणी उथळ झालं तशी जाळी तळाला लागायला लागली. सकाळी धड गेलेलं जाळं दुपारी चिंध्या होऊन परत यायचं आणि मासे भोकांतून पसार व्हायचे.

ही सगळी जाळी विणायची आणि शिवायची एकटी वहिनी. मच्छीमार सोसायटीचा चेअरमन तिचा धाकटा दीर. त्याचं ऐकून अख्खा काठ तिला वहिनी म्हणायचा, तिच्या वडिलांच्या वयाचे म्हातारेसुद्धा. सव्वीस वर्षं ती पत्र्याच्या शेडमध्ये खिडकीशी बसत आली होती, पायाच्या अंगठ्यात जाळ्याची कड अडकवून. पाण्यावर मात्र जायची नाही. होडीत पाय ठेवला की तिला मळमळायचं.

त्या दिवशी दीर तीन फाटकी जाळी घेऊन आला आणि दारातच घुटमळला.

"वहिनी, राग मानू नका. दोरा कुजका लागलाय म्हणतात सगळे. मी शहरातून तयार जाळी मागवतोय."

वहिनीच्या हातातली सुई थांबली. शिव्या परवडल्या असत्या. तिच्या कामाला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं.

"कुजका?" ती म्हणाली. "बसा इथं."

तिन्ही जाळी तिनं जमिनीवर पसरली आणि गुडघ्यांवर बसून एकेक भोक चाचपलं.

"कुजका दोरा तुटला की टोकाला कापसासारखा पिसारा फुटतो. हे टोक बघा. सुरीनं कापल्यासारखं. आणि भोकं कशी? वीत सोडून एक, वीत सोडून एक. सांगा, असं काय असतं?"

दीर वाकून भोकांमध्ये वीत धरून बघू लागला.

"काटेरी तार," वहिनी म्हणाली. "जुनं कुंपण असणार. इतकी वर्षं खोल होतं, आता जाळ्यांच्या टप्प्यात आलं. तिन्ही जाळी टाकली कुठं?"

"पंपघरासमोर. एक काठाजवळ, दुसरं जरा आत, तिसरं त्याच्याही पुढं."

"काठाजवळचं मधोमध फाटलंय, पुढचं त्याच्या खाली, तिसरं अगदी तळाच्या कडेला. म्हणजे तार काठापासून आत तिरकी उतरत गेलीय."

"शेडमध्ये बसून तळ दिसतो होय तुम्हाला?" दीर हसला.

"दिसतो. चला, दाखवते."

वहिनीचा नवरा बाहेर होडीला डांबर लावत होता. बायको होडीत बसायचं म्हणतेय हे ऐकून त्याच्या हातातला ब्रशच गळाला. "अगं, तू?"

"मीच. आणि हळू वल्हवा, नाहीतर तुमच्याच अंगावर ओकेन."

दीरही चढला. ती दोन्ही हातांनी होडीची कड धरून बसली. नजर पंपघराच्या भिंतीवरून हलत नव्हती. काठावर दहा-बारा जण मजा बघायला जमले होते. थोडं आत गेल्यावर ती म्हणाली, "इथं."

नवऱ्यानं दोरीला बांधलेला लोखंडी आकडा सोडला आणि ओढला. आकडा अडकला. दीर हातभार लावायला उठला, दोघांनी जोर केला आणि चिखलातून गंजकी तार वर आली, मागोमाग कुंपणाचा अख्खा खांब. काट्याकाट्याला जाळ्यांचे तुकडे लोंबत होते. त्यातला हिरवा दोरा वहिनीनं ओळखला. तीन वर्षांपूर्वी विणलेल्या, परवाच फाटलेल्या जाळ्याचा होता तो. तिची दुहेरी गाठ अजून जशीच्या तशी घट्ट होती. तिनं ती नखानं सोडवून बघितली. सुटली नाही.

दिरानंही एक गाठ ओढून पाहिली आणि मान खाली घातली. "चुकलो, वहिनी."

"शहरातल्या जाळ्यांचं काय?"

"कसली जाळी? मी काही बोललोच नाही!"

नवरा मात्र काठाकडे तोंड करून ओरडला, "ऐकलं का रे? तिथं बसून सांगितलं हिनं! तिथं बसून!" त्याची छाती अशी फुगली होती, जणू तार त्यानंच शोधली.

पाणी पुन्हा भरायला अजून अठरा दिवस होते. तेवढ्या दिवसांत तळ साफ करायला सगळ्या काठानं कंबर कसली. रोज सकाळी लोक आपापली फाटकी जाळी घेऊन शेडसमोर रांग लावायचे. वहिनी बघून सांगायची, इथं दगड, इथं खोड, इथं पत्रा. तेरा ठिकाणी ती बरोबर निघाली, एका ठिकाणी चुकली. खोड म्हणाली तिथं जुना नांगर निघाला. तारा आणि पत्रे उपसले. खोडं मात्र नवऱ्यानं काढू दिली नाहीत. माशांना अंडी घालायला आडोसा लागतो, म्हणून त्यांच्यावर नुसत्या तरंगत्या खुणा बांधल्या.

दरवाजा बसला, पाणी चढलं. पहिल्या आठवड्यात एकच जाळं शिवायला आलं.

"घे," नवरा म्हणाला. "स्वतःच्या हातानं स्वतःचं काम घालवलंस."

"ठिगळं लावणं हे काय काम आहे?" वहिनीनं नव्या दोऱ्याची गुंडी मांडीवर घेतली. "पलीकडच्या काठाहून माणूस येऊन गेला. सहा जाळी हवीत, आणि माझ्याच हातची."

तिनं पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवला आणि पहिली गाठ मारली.