साक्ष झाली आहे

कित्येक वर्षं दवाखान्यात आयाचं काम केल्यावर ती लॉ कॉलेजात दाखल झाली. मुलं तिला मावशी म्हणत, सरसुद्धा. सासूबाईंनीच तिला भरीला घातलं होतं. "नाहीतरी घरात सगळ्यांशी हुज्जत घालतेस. निदान त्याचे मार्क तरी मिळू देत," असं त्या म्हणाल्या होत्या.

कॉलेजचा सगळा तोरा प्रात्यक्षिकांवर होता. एका हॉलमध्ये खोटं कोर्ट थाटलं होतं. न्यायाधीशाचा चौथरा, वकिलांची टेबलं, साक्षीदाराचा पिंजरा, सगळं जिथल्या तिथे. तिथे मुलं आळीपाळीने वकील होत. मावशी मात्र एकदा नवऱ्याचा मार खाल्लेली बायको झाली, एकदा भाजीवाली, एकदा चोरी पाहिलेली मोलकरीण.

"सर, मला बाजू मांडायची आहे," तिने प्रात्यक्षिकांच्या सरांना सांगून पाहिलं.

"मांडाल हो. पण पिंजऱ्यात तुमच्यासारखं कोण शोभणार? ही पोरं मोलकरीण करायला लागली की नाटक वाटतं."

शेवटच्या वर्षी तपासणी समिती यायची होती. सगळ्या थरांतली माणसं इथे शिकतात का आणि त्यांना प्रत्यक्ष काम शिकवतात का, हे बघून ती कॉलेजला श्रेणी देणार होती. सरांनी एका दगडात दोन पक्षी मारायचं ठरवलं. मालकिणीने थोबाडीत मारलेल्या मोलकरणीचा खटला त्यांनी निवडला आणि ते मावशीला म्हणाले, "एवढ्या वेळी उभ्या राहा. पुढच्या खटल्यात तुम्ही वकील. आणि साडी जरा जुनी नेसून या."

ती रोजचीच साडी नेसून गेली.

मालकिणीचा वकील झाला होता एका बड्या वकिलाचा मुलगा. उलटतपासणीला तो पिंजऱ्याजवळ आला, थबकला, आणि खिशातला रुमाल काढून त्याने नाकाला लावला.

"मालकिणीने तुम्हाला मारलं नाही, नुसतं लांब ढकललं. का ढकललं असेल?"

"माहीत नाही."

"रोज आंघोळ करता?"

हॉलमध्ये खसखस पिकली. तालमीत हा प्रश्न नव्हता. मावशीने न्यायाधीशाच्या खुर्चीतल्या सरांकडे पाहिलं. ते ओठ दाबून हसू आवरत होते.

"साक्षीदाराने उत्तर द्यावं," ते म्हणाले.

"करते."

"मग हा वास कसला?"

आता सगळेच हसले. समितीतल्या एका गृहस्थांचं तर पोट हलत होतं. दवाखान्यात मावशीने लोकांच्या ओकाऱ्या पुसल्या होत्या, भरलेली भांडी उचलली होती, पण अशी शिसारी तिला कधी आली नव्हती.

नंतर चहाच्या वेळी समितीच्या अध्यक्षीणबाई स्वतःहून तिच्याजवळ आल्या.

"फार नैसर्गिक बोललात हं. कुठे काम करता?"

"इथेच शिकते. शेवटच्या वर्षाला."

बाईंनी तिला पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग त्यांचा चेहरा खुलला. "अरे वा. सर, हे तर अहवालात यायलाच हवं," असं म्हणत त्यांनी दुसरं बिस्किट उचललं.

कॉलेजला वरची श्रेणी मिळाली. पुढचा खटला काही झाला नाही, आणि प्रात्यक्षिकाच्या निकालात मावशीच्या नावापुढे शून्य आलं.

"तुम्ही एकदाही बाजू मांडली नाहीत, त्याला मी काय करणार?" सर म्हणाले.

ती तडक प्राचार्यांकडे गेली आणि त्यांच्या खोलीसमोरच्या बाकावर ठाण मांडून बसली. संध्याकाळी कंटाळून त्यांनी हुकूम दिला: तोच खटला पुन्हा घ्या, मावशी मोलकरणीची वकील.

पण मोलकरीण व्हायला कोणी तयार होईना. एकीचा घसा बसला, दुसरीची बस निघाली. बड्या वकिलाचा मुलगा नुसता हसला. "मी? पिंजऱ्यात?"

सरांनी दार उघडलं आणि बाहेर फरशी पुसणाऱ्या बाईंना हाक मारली. "ओ बाई, जरा आत येऊन उभ्या राहा. बोलायचं काही नाही."

ओले हात पदराला पुसत त्या आत आल्या. पोरं एकमेकांना कोपरं मारू लागली.

"तुम्ही जा, ताई," मावशी म्हणाली. "तुमचं इथे काही काम नाही."

बाई गेल्या.

"अहो, मग साक्ष कोण देणार?" सर वैतागले.

"साक्ष मागेच झाली आहे. इथल्या प्रत्येकाने ऐकली आहे. मी युक्तिवाद करते."

रिकाम्या पिंजऱ्याशेजारी उभी राहून ती बोलली. एक कलम चुकलं, एक आठवेचना. अंगाला येणारा वास हा थोबाडीत मारण्याचा बचाव होऊ शकत नाही, एवढंच तिने तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगितलं. सर घड्याळ बघत होते. त्यांनी तिला काठावर पास केलं.

घरी आल्यावर सासूबाईंनी दोघींची ताटं वाढली. "पास झालीस ना? मग एरंडेल प्यायल्यासारखं तोंड का?"

मावशीने सगळं सांगितलं, रुमालापासून फरशीवाल्या बाईंपर्यंत. सासूबाई ऐकता ऐकता जेवायच्या थांबल्या.

"हे वकिलीचं सोडून देतेस?" त्यांनी विचारलं.

"आता कशाला सोडू? पण त्या लोकांत पुन्हा नाही बसणार."

पदवीदानाला ती गेली नाही. कार्यालयाच्या खिडकीतून तिने प्रमाणपत्र घेतलं, नाव नीट आहे ना ते पाहिलं, आणि कोर्टासमोरच्या वकिलांच्या खोल्यांत काम विचारत फिरू लागली. दोघांनी तिला पक्षकार समजून बाकावर बसायला सांगितलं. तिसऱ्या खोलीतल्या वकीलबाईंनी मान वर न करताच विचारलं, "उद्यापासून येता?"