डाउनलोड होईपर्यंत

बिल्किस गडब गावात हायवेवरच्या मोबाइलच्या दुकानात शिरली तेव्हा तिच्या पायात दोन वेगळ्या चपला होत्या.

"नमिता, एवढं ॲप उतरव माझ्या फोनात. आत्ताच्या आत्ता."

दुकान नमिताचं. रिचार्जच्या निमित्ताने दोघींची जुनी ओळख. तिने फोन हातात घेतला. डाउनलोडचं चक्र नुसतंच फिरत होतं.

"झालंय काय गो?"

बिल्किसने एका दमात सांगितलं. तिचा धाकटा भाऊ नावेद मस्कतला शिवणकाम करतो. जन्मापासून त्याला ऐकू येत नाही, बोलताही येत नाही. शाळेत कधी गेला नाही, म्हणून वाचता येत नाही. लहानपणी या दोघा भावंडांनी हातांच्या खुणांची एक भाषा बनवली होती, ती दोघांनाच कळते. आज सकाळी त्याचं पोट असह्य दुखायला लागलं आणि चुलतभाऊ जुहेबने त्याला इस्पितळात नेलं. अपेंडिक्स फुटलं होतं, ऑपरेशन ताबडतोब हवं होतं. पण नावेद कुणाला जवळ येऊ देत नव्हता. सलाईनची सुई त्याने उपटून टाकली होती.

"आमच्या नेहमीच्या ॲपवर मेसेज जातात, पण तिकडं व्हिडिओ कॉल लागत नाय. जुहेब म्हणतो, या ॲपवर लागतो. घरी अर्धा तास झटतेय मी."

नमिताने पाहिलं. "बाकीची अकरा ॲपं अपडेट होतायत. तुझं रांगेत शेवटी हाय." तिने ती सगळी थांबवली. चक्र हललं आणि लगेच सूचना आली, फोनमध्ये जागा नाही.

"काय उडवू? लग्नाचे व्हिडिओ दिसतात."

"अफशाच्या लग्नाचे. माझी एकच लेक. उडव."

"परत नाय मिळायचे हां."

"उडव म्हणते ना!"

डाउनलोड सुरू झालं. चार टक्के. नऊ टक्के. तेवढ्यात जुहेबचा व्हॉइस मेसेज आला, "आपा, डॉक्टर दहा-पंधरा मिनिटं थांबतो म्हणाले. मग चौघं धरून बेशुद्ध करणार."

"धरायचं नाय!" बिल्किस ओरडली. मग रेकॉर्डचं बटण दाबून तेच पुन्हा बोलली. नावेद सात वर्षांचा असताना रोह्याला एका दवाखान्यात तिघांनी त्याला दाबून धरून कपाळाला टाके घातले होते. का धरलं, ते त्याला कुणी सांगू शकलं नव्हतं. त्यानंतर वर्षभर तो न्हाव्यालाही जवळ फिरकू देत नव्हता.

शंभर टक्के झाले. ॲप उघडलं, आणि लगेच मिटलं. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. नमिताने फोन बंद करून चालू केला, त्यात दोन मिनिटं गेली. तेच.

"फोन जुना पडला. पेलत नाय त्याला. थांब, माझ्यावर घेते." नमिताने स्वतःच्या फोनवर डाउनलोड लावलं. एकतीस टक्क्यांवर तेही अडकलं. फोन उंच धरून ती रेंज शोधायला रस्त्याकडे धावली.

परत आली तेव्हा बिल्किस काउंटरपाशी उभी राहून हात हलवत होती. समोर कुणीच नव्हतं.

"काय करतेस गो?"

"त्याला सांगतेय," बिल्किस म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

नमिता तिच्याकडे बघतच राहिली. "अगो, मग हेच कर की! मी व्हिडिओ काढते, मेसेजमध्ये पाठवू. मेसेज तर जातायत ना?"

इतका वेळ दोघींपैकी कुणालाच हे सुचलं नव्हतं.

बिल्किसने ओढणीने डोळे कोरडे केले. नावेद आधी चेहरा वाचतो, ती रडवेली दिसली तर आणखी घाबरेल. नमिताने बिल्किसच्याच फोनवर रेकॉर्डिंग लावलं. बिल्किसने पोटावर मूठ ठेवली आणि ती हळूहळू उघडली: आतलं सडलंय. मग दोन बोटांची कात्री केली: खराब तुकडा कापतील, पुन्हा शिवतील. तळवा गालाखाली: तू झोपलेला असशील. शेवटी आपल्याच कानाची पाळी चिमटली. ती तिच्या नावाची खूण. मी सांगते, जा.

व्हिडिओ गेला. पोचला. मग काहीच नाही.

तीन मिनिटांनी उलट व्हिडिओ आला. घामाने भिजलेला नावेद पलंगाच्या कोपऱ्यात बसला होता, दोन नर्सबाई भिंतीशी उभ्या होत्या. त्याने कानाची पाळी ओढली आणि शेजारच्या रिकाम्या जागेकडे बोट केलं.

"काय म्हणतो?"

"मी तिथं असणार का विचारतोय."

हो म्हणणं सोपं होतं. हो म्हटलं असतं तर तो उठला असता लगेच. पण शुद्धीवर आल्यावर त्याने तिला शोधलं असतं. त्या भाषेत बिल्किस त्याच्याशी आजवर कधी खोटं बोलली नव्हती.

"काढ व्हिडिओ," ती म्हणाली. हातांनी तिने सांगितलं: नाही. मधे समुद्र आहे. जुहेबचा हात धर. तू जागा होईपर्यंत मी इथून हलणार नाही.

यावेळी सहा मिनिटं गेली. नमिताने एका गिऱ्हाइकाला हातानेच थांबवलं. मग जुहेबचा व्हॉइस मेसेज आला. "आपा, स्वतःहून हात पुढं केला त्याने. सुई लावली. आत नेलं."

मधल्या वेळेत नमिताच्या फोनवर ॲप उतरलं होतं. तिने जुहेबला आपला नंबर कळवला आणि दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. बिल्किसने पाण्यालाही हात लावला नाही.

तीनच्या सुमारास कॉल लागला. पडद्यावर नावेद होता, डोळे अर्धे मिटलेले, ओठ सुकलेले, पण पाहत होता. नमिताने फोन दोन्ही हातांनी घट्ट धरला, कारण बोलायला बिल्किसला आपले दोन्ही हात हवे होते.