तहसीलदारासमोर दिलेला शब्द

मी महाडच्या एका कॉलेजात भूगोल शिकवतो आणि दरवर्षी मुलांकडून एक ऑनलाइन खेळ खेळवून घेतो. एक झरा, दोन वाड्या, पाणी जेमतेम एकीपुरतं. मुलांनी आपापल्या भूमिकेतून भांडायचं आणि तासाभरात करार करायचा. तीन वर्षांत एकही करार झालेला नाही. भांडणं मात्र फर्स्ट क्लास.

यंदा विपुल वरच्या वाडीचा पुढारी, रंजिता खालच्या वाडीची, पूनम तहसीलदार. रंजिता पोलादपूरजवळच्या डोंगरावरची. तिकडे रेंज येते ती फक्त झऱ्याजवळच्या कातळावर, म्हणून ती तिथेच बसली होती.

"वरच्या वाडीने अर्धं पाणी सोडावं," रंजिता म्हणाली.

"थेंबही मिळणार नाही!" विपुल गरजला. घरी दोन टाक्या असलेल्याला असं बोलायला काय जातं!

तेवढ्यात पडद्यावर एक हंडा आला आणि हंड्यामागून रंजिताची चुलती, अंबूबाई. त्यांच्या डोंगरावरही एका झऱ्यावर दोन वाड्या, आणि या दोघी वरच्या वाडीच्या, खरोखरीच्या.

"कोण रे तू आमच्या वाडीच्या नावानं बोलणारा? आमच्यात पाण्याला कोन नाय म्हनत नाय!"

पूनम अजून भूमिकेतच होती. "मी तहसीलदार. मग तुम्हीच सांगा, पाणी कसं वाटायचं?"

अंबूबाईने हंडा खाली ठेवून पदर सावरला. "कातळावर ऊन येईस्तोवर आमचं, मग खालच्यांचं. बाळंतिणीचा हंडा कधीपन पयला. सासूच्या वेळेपास्नं असंच हाय, बाईसाहेब. माझा शब्द."

"मान्य," विपुल म्हणाला. मी खुर्चीतच नाचलो. पहिला करार!

"काकी," रंजिता हळूच म्हणाली, "दोन वर्षं आपन खालच्यांना भरू देत नाय."

"गप गो! साहेबांपुढं घरातली भांडणं काढतात का?"

आता मला खरं सांगणं भाग होतं, आणि लाजही वाटत होती. "बाई, हा अभ्यासाचा खेळ आहे. ही तहसीलदार नाही, माझी विद्यार्थिनी आहे. तुमच्यावर कसलंच बंधन नाही."

अंबूबाईने मागे वळून पाहिलं. कातळावर ऊन आलं होतं.

"खेळ तुमचा असंल, मास्तर. शब्द माझा हाय."

ती उताराच्या टोकाशी गेली आणि खालच्या वाडीकडे ओरडली, "गो तुळजे! हंडा घेऊन ये गो!"

तास संपला, तरी आमच्यापैकी कोणी फोन ठेवला नाही. मग खालून बारीक आवाज आला.

"एक आनू का दोन?"