व्याख्यानातला माणूस

अमरावतीच्या बाजारात दवंडीवाला डफ बडवत आला, तेव्हा रजियाबी दारात बसून जुन्या गादीतला कापूस उपसत होती.

"ऐका हो ऐका! शाळेच्या पटांगणात मांडव टाकला हाये! हेडमास्तर भगवंतराव आकाशातल्या तारेइची गोष्ट सांगतीन! मंग कीर्तन हाये, मुशायरा हाये, शेवटी चांदूरच्या दंढारीचा खेळ हाये! अन् बुधवारी दुपारी डॉक्टरसायेब माणसाच्या आंगात काय असते थे उघडं करून दाखवतीन! बाया पडद्यामांगं बसतीन हो!"

ते दिवस कापसाचे होते. दूर कुठं अमेरिकेत लढाई जुंपली होती आणि विलायतेच्या गिरण्या वऱ्हाडच्या कापसावर जीव धरून होत्या. बैलांच्या शिंगांना चांदीची टोपणं चढली होती. व्यापाऱ्यांचे हात सैल झाले होते, म्हणून तर भगवंतरावांना शाळेत व्याख्यानं, गाणी, नाटकं असा सोहळा भरवता आला. असं काही अमरावतीनं याआधी पाहिलं नव्हतं.

पण रजियाबीचं घर पिंजाऱ्यांचं. शेतातला कापूस थेट गाडीत जाऊ लागला आणि गावात पिंजायला बोंडभर उरला नाही. तिचा नवरा मुनव्वर हात बांधून किती दिवस बसणार? दोन पावसाळ्यांपूर्वी तो अकोल्याला गेला. तिथं पेचांवर रुई दाबून गठ्ठे बांधायला माणसं हवी होती. गेला तो गेलाच. एक गाडीवान म्हणाला, त्याला तापात पडलेलं पाहिलं. दुसरा म्हणाला, गठ्ठ्यांच्या गाड्यांसोबत तो मुंबईकडं निघून गेला. मुनव्वरच्या आईनं, हलीमाबीनं, दुसऱ्याचं खरं धरलं.

"माहा पोरगा मुंबईत हाये," ती विहिरीवर, मशिदीपाशी, जिथं कोणी विचारील तिथं सांगायची. "कमावून राहिला. येईन."

रजियाबी ना सुहागन होती, ना बेवा. काझींनी सांगितलं होतं, खबर येईपर्यंत वाट पाहायची.

मांडवात बड्या लोकांना टेकायला लोड हवे होते. ते भरायचं काम सासू-सुनेला मिळालं. बुधवारी शेवटचे लोड डोक्यावर घेऊन रजियाबी शाळेत गेली, तेव्हा मांडव भरत आला होता. लोड ठेवून ती निघालीच होती, पण पडद्यामागच्या एका बाईनं तिचा हात धरला. "बस ना वं. एवढं फुकट दाखवून राहिले."

ती बसली. पडद्याच्या फटीतून समोरचं सगळं दिसत होतं.

डॉक्टर तरुण होता, मुंबईत शिकून आलेला. बोलणं गोड, कपडे स्वच्छ. त्यानं आधी रक्त कसं फिरतं ते सांगितलं, मग बाजूच्या चौकटीवरची चादर ओढली. मांडवातून एकदम श्वास ओढल्याचा आवाज आला. तारांनी जोडलेला हाडांचा सांगाडा आकड्याला लटकत होता. पडद्यामागं कोणी तोंडाला पदर लावला, कोणी रामाचं नाव घेतलं.

"भिण्याचं कारण नाही," डॉक्टर हसून म्हणाला. "आपण सगळे आतून असेच आहोत." त्यानं वेताच्या छडीनं कवटी दाखवली, बरगड्या मोजल्या, मणके दाखवले. मग छडी डाव्या पायाच्या नळीवर आली. "हे हाड पाहा. हे कधीतरी मोडलं होतं. कोणा वैदूनं वाकडंच बसवलं, तरी निसर्गानं ते जोडलं. इथं ही गाठ दिसते ना? हाड स्वतःला असं सांधून घेतं. शिकवायला याच्यासारखा नमुना मिळणं कठीण."

रजियाबी त्या गाठीकडं पाहत राहिली. नडगीच्या मधोमध, आतल्या बाजूला झुकलेली. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मुनव्वरचा तो पाय ठणकायचा, तेव्हा तिनं त्या गाठीवर गरम तेल चोळलं होतं. लहानपणी चिंचेवरून पडलो, असं त्यानं सांगितलं होतं. अम्मीनंच बांबूच्या कामट्या लावून पाय बांधला होता.

तिनं नजर वर नेली. समोरचा एक दात अर्धा तुटलेला होता, तिरपा. कापूस पिंजायच्या धनुकलीची तात तुटून तोंडावर बसली होती तेव्हाचा.

ती ओरडली नाही. लोक उठले, पांगले, बायका बोलत बोलत निघून गेल्या. मांडव रिकामा झाल्यावर ती पडदा सारून पुढं आली आणि डॉक्टरच्या समोर उभी राहिली.

"हे कोन हायेत?"

डॉक्टर गोंधळला. "कोण म्हणजे? हा नमुना आहे, बाई."

"कुठून आणले?"

"दवाखान्यातून. बेवारस माणूस होता. तापानं गेला. कोणी न्यायला आलं नाही."

"अकोल्याच्या?"

डॉक्टरच्या हातातली छडी खाली झाली. भगवंतराव जवळ आले होते. त्यांनी हळू आवाजात विचारलं, "बाई, तुमच्या नवऱ्याचं नाव काय?"

नवऱ्याचं नाव तिनं आजवर तोंडातून काढलं नव्हतं. तिनं सांगाड्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "मुनव्वर." मग पाय, दात, चिंच, सगळं सांगितलं. शेवटी पदर पसरला. "माती द्याची हाये साहेब. आमच्यात माती देल्याबिगर सुटका नाई. मले देऊन द्या."

डॉक्टरनं सांगाड्याच्या पायाकडं पाहिलं. मग म्हणाला, "वाकडा पाय पुष्कळांचा असतो, बाई. हे सरकारी सामान आहे. तुमच्या एकट्याच्या शब्दावर मी कसं देऊ? उद्या आणखी कोणी येऊन मागेल." तो भगवंतरावांकडं वळला. "पाय त्याच्या आईनं बांधला म्हणतात. आईला आणा. तिनं ओळखलं तर मी देतो. वर काय उत्तर द्यायचं ते माझं मी पाहीन."

रजियाबी घरी कशी पोचली, तिचं तिला कळलं नाही. हलीमाबी चुलीशी बसली होती. सुनेनं सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर म्हातारीनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं, विझवलं, डोक्यावर ओढणी घेतली आणि म्हणाली, "चाल."

शाळेत तोवर काझीही आले होते. भगवंतरावांनीच बोलावलं होतं. म्हातारी आत आल्यावर सगळे बाजूला झाले. तिनं चेहऱ्याकडं पाहिलंच नाही. सरळ खाली बसली आणि दोन्ही हातांनी तो डावा पाय धरला. बोटं गुडघ्याकडून खाली येऊ लागली. जन्मभर कापूस चाचपलेली ती बोटं नडगीच्या मध्यावर आली आणि गाठीवर थांबली.

रजियाबीनं ते पाहिलं. अंगठा गाठीवरून एकदा फिरला, पुन्हा एकदा फिरला, जसा निजलेल्या लेकराच्या पायावरून फिरावा.

"काय, मावशी?" काझींनी विचारलं.

म्हातारीनं मान वर केली. आता कुठं तिनं कवटी पाहिली, बरगड्यांतून ओवलेल्या तारा पाहिल्या, डोक्यातला आकडा पाहिला. रिकाम्या मांडवात तिनं नजर फिरवली. इथं सारं गाव बसलं होतं.

"हा माहा नोहे," ती म्हणाली.

"अम्मी!" रजियाबी किंचाळली. "नीट पाहा अम्मी! तुमीच बांधला होता!"

"म्या पाह्यलं. माहा पोरगा मुंबईत हाये. त्याले असं कोनी टांगत नाई." ती उठली. उठताना तोल गेला, तरी भगवंतरावांनी पुढं केलेला हात तिनं धरला नाही.

आईच्या शब्दापुढं कोणाचं काय चालणार? काझींनी खाली पाहिलं. डॉक्टरनं चादर ओढली. दुसऱ्या दिवशी सकाळी सांगाड्याची पेटी गाडीत चढली आणि पुढच्या गावाला निघाली. त्या संध्याकाळी मुशायरा ठरला होता. तो झाला. म्हणतात, रंगला.

रजियाबीनं मात्र आपलं ठरवलं. तिनं दगडावर हात आपटून बांगड्या फोडल्या, पांढरी ओढणी घेतली आणि नवरा गेल्यावर पाळायच्या इद्दतीला कोपऱ्यात बसली. हलीमाबी पाण्याचा घडा घेऊन आत आली आणि जागच्या जागी उभी राहिली.

"काय करून राहिली तू?"

"तुमाले ठाऊक हाये, अम्मी."

"जित्त्या मानसाची बेवा होऊन बसली माह्या घरात?"

"तुमचा हात गाठीवर थांबला होता. म्या पाह्यलं."

म्हातारीच्या हातून घडा सुटला. मातीचं घर, पाणी लगेच जिरू लागलं. तिनं वाकून खापऱ्या गोळा केल्या. मग थंड आवाजात म्हणाली, "तुह्या भावाले बोलाव. जाय इथून. तू हे पांढरं घालून माह्यासमोर बसशीन तं मी जगनार नाई."

निरोप गेला. बार्शीटाकळीहून नबी, रजियाबीचा भाऊ, गाडी घेऊन आला. निघताना तिनं सासूच्या पायाला हात लावला. म्हातारीनं पाय मागं घेतले नाहीत, पण तोंडही वळवलं नाही.

वाटेवर कापसाच्या गाड्यांची रांग संपत नव्हती. बाभळींना कापसाचे पुंजके अडकले होते. मूर्तिजापूर मागं टाकून अकोल्यात पोचले, तेव्हा नबीनं बैलांना पाणी दाखवायला गाडी सोडली. तिथंच चौकात डफ वाजला. हाडांचा माणूस दाखवणाऱ्या डॉक्टरसाहेबांचं व्याख्यान आज दुपारी, चावडीसमोर.

रजियाबी गाडीतून उतरली.

"कुठं चालली आपा?" नबीनं वाट अडवली. "इद्दतीत हायेस तू. बाहीर पडत नाई इद्दतीत."

"मयताले जाऊन राहिली."

"बाया जात नाई मयताले."

"मंग कोन जाईन, नबी? तू येतं?"

बैलांची दोरी एका ओळखीच्या माणसाच्या हाती देऊन नबी तिच्या मागं चालू लागला.

इथं पडदा नव्हता. ती मागं एका खांबाशी बसली. डॉक्टरनं चादर ओढली, लोकांनी तसाच श्वास ओढला. ती ओठांतल्या ओठांत फातिहाची दुआ पढू लागली. कवटी झाली, बरगड्या झाल्या. छडी डाव्या नडगीकडं गेली, तेवढ्यात डॉक्टरला खांबाशी पांढरी ओढणी दिसली. छडी हवेतच राहिली. त्यानं उजवा पाय दाखवायला सुरुवात केली.

"अन् तो दुसरा पाय असा काहून हाये, डॉक्टर?" पुढं बसलेल्या खुशालराव पाटलांनी विचारलं.

"हा माणूस लहानपणी झाडावरून पडला होता," डॉक्टर म्हणाला, आणि घाईनं पुढच्या विषयाकडं वळला.

व्याख्यान संपलं. पाटील मंडळी डॉक्टरभोवती जमली, त्याला पानसुपारीला घेऊन निघाली. सांगाडा तसाच आकड्याला लटकत राहिला, उघडा. कोणी जाता जाता त्याच्या हाताला हात लावून हसत होतं.

रजियाबी गर्दीतून पुढं आली. डॉक्टर तिला पाहून थबकला. ती पुन्हा मागेल, या भीतीनं त्यानं आधीच मान हलवली. "बाई, मी लाचार आहे. आईनंच..."

"मांगाले नाई आली," ती म्हणाली. "लोक पाहून राहिले त्यायले. तुमचं सांगून झालं असन तं अंगावर कापड टाका."

डॉक्टरनं इकडं तिकडं पाहिलं. चादर पलीकडं कोणाच्या तरी पायांखाली आली होती, धुळीनं भरली होती. त्यानं टेबलावरचं पांढरं कापड ओढलं. वरचा पाण्याचा तांब्या घरंगळला. ते कापड त्यानं आपल्या हातांनी सांगाड्यावर घातलं, खांद्यांवरून खाली, पायांपर्यंत. पाटील मंडळी मागं वळून पाहत होती.

दुसऱ्या दिवशी ती पेटी बुलढाण्याच्या वाटेला लागणार होती. ती पुढं कुठं जाणार, ते रजियाबीनं विचारलं नाही. ऊन कललं होतं, बार्शीटाकळी अजून लांब होती, आणि नबी बैल जुंपून तिची वाट पाहत होता.