मी स्वतःहून जागा सोडली नाही

"लिम्नोस बेटावर जाऊन करणार काय आहेस तू?" माझी धाकटी बहीण पोलिक्सेनी फोनवर विचारत होती.

"काही नाही. उतरणार, अर्धा तास बसणार आणि त्याच विमानानं अथेन्सला परत येणार."

"वर्षाच्या शेवटच्या दिवशी?"

"शेवटचा आहे म्हणूनच."

"एव्हान्थिया, तू डोक्यावर पडली आहेस."

"पडले तर पडले. संध्याकाळी नव्या वर्षाचा केक कापायला मी हजर असेन. माझा तुकडा तुझ्या नवऱ्याला देऊन मोकळी होऊ नकोस."

फोन ठेवला आणि गेटकडे निघाले. तुम्हीही पोलिक्सेनीसारखंच म्हणणार, म्हणून आधीच सांगते. मी दातांच्या डॉक्टरांच्या खुर्च्या दुरुस्त करायचे. तेवीस वर्षं हेच केलं. एखाद्या बेटावर खुर्ची वर जाऊन अडकते, पेशंट आ वासून आडवा पडलेला असतो आणि डॉक्टर फोनवर ओरडतो, "ताबडतोब या." की मी निघाले हत्यारांची पेटी घेऊन. वर्षात चाळीस उड्डाणं झाली की विमान कंपनी सोनेरी कार्ड देते. पुढच्या वर्षी पुन्हा चाळीस करा, नाहीतर कार्ड गेलं. पण सलग दहा वर्षं टिकवलं तर ते जन्मभराचं होतं. हे माझं दहावं वर्ष होतं आणि माझी अडतीस झाली होती.

चाळीस आरामात झाली असती. पण सप्टेंबरात आमच्याकडे स्ट्रॅटोस नावाचा नवा साहेब आला. वय चौतीस. आमच्याकडे बाईमाणसाला आदरानं क्यूरिया म्हणतात, तसा म्हणाला, "क्यूरिया एव्हान्थिया, आता आपण व्हिडिओवरून सांगू, बेटावरचा इलेक्ट्रिशियन स्क्रू फिरवेल. तुम्ही खूप फिरलात. आता आराम करा." मला टेबल दिलं, खिडकीजवळचं. टेबलावर कुंडीसुद्धा ठेवली होती मेल्यानं.

त्या कार्डानं मिळतं काय? रांगेत पुढे उभं राहता येतं, एक बॅग जास्त नेता येते आणि आतल्या खास खोलीत फुकट कॉफी मिळते, तीही पाणचट. मला सगळं ठाऊक आहे. पण माझा बाप मरेपर्यंत म्हणत राहिला की बाईमाणसानं हातोडी घेऊन गावोगाव फिरणं बरं नव्हे. नवरा म्हणाला, मी किंवा ती पेटी. मी पेटी उचलली. ते कार्ड मला कुणी दिलेलं नव्हतं, मी ते मिळवलं होतं. स्ट्रॅटोसच्या एका वाक्यानं ते जाणार? मी जाऊ देणार नव्हते. स्वतःच्या खिशातून जाण्यायेण्याचं तिकीट काढलं.

एक चूक मात्र केली. असं नुसतं कार्डासाठी उडणाऱ्यांचं एक पथ्य असतं, शेजारच्याला ते कधी सांगायचं नाही. माझ्या शेजारी लिम्नोसची एक शिक्षिका बसली होती, द्रोसुला नावाची. तिनं विचारलं, "बेटावर कुणाकडे?" आणि मी हसत हसत सगळं सांगून बसले. ती हसली नाही. खिडकीबाहेर बघत राहिली.

लिम्नोसवर वारा सुटला होता. पायलटनं दोनदा खाली यायचा प्रयत्न केला, दोन्ही वेळा पुन्हा वर उचललं. मागची एक बाई देवाचं नाव घेत होती. शेवटी विमान वळवलं आणि आम्ही परत अथेन्सला. अडीच तास हवेत होते मी. पण उडाले अथेन्सहून आणि उतरलेही अथेन्सला, म्हणजे नियमाप्रमाणे मी कुठे गेलेच नव्हते. आकडा अडतीसच.

काउंटरवर थेक्ला होती, त्या पाळीची प्रमुख. दहा वर्षं दर पंधरवड्याला तोंड बघितलेली बाई. तिनं सांगितलं, वारा उतरतोय, दोन वाजता दुसरं विमान जाईल, पण लहान आहे, अकरा जणांना जागा नाही. उद्या पहिली जानेवारी, उद्या उड्डाण नाही. यादी लागली. सोनेरी कार्डामुळे माझं नाव सगळ्यांत वर होतं. ज्यांना जागा नव्हती त्या अकरांत पहिला होता बार्बा, म्हणजे काका, थोदोसिस, ऐंशीचा म्हातारा, डाव्या डोळ्यावर पांढरी पट्टी. परवाच मोतीबिंदू काढला होता त्याचा.

द्रोसुलानं यादी वाचली आणि तिचा आवाज चढला, वर्गात चढत असेल तसा.

"ही बाई बेटावर पाऊलसुद्धा ठेवणार नाहीये. कार्डासाठी उडतेय. मला स्वतः सांगितलंय तिनं. आणि हा म्हातारा माणूस इथे बाकड्यावर नवं वर्ष सुरू करणार?"

चाळीस माणसं माझ्याकडे वळली.

"खरं आहे का हे?" एकानं विचारलं.

"खरं आहे," मी म्हटलं. "तिकीट माझं, पैसे माझे. तेवीस वर्षं याच वाऱ्यात तुमच्या बेटावर आले, तुमचे दात उपटले जावेत म्हणून. तेव्हा कुणी विचारलं नाही, बाई, तुम्ही का उडताय?"

"लाज वाटत नाही?"

"नाही वाटत."

थेक्लानं पुढे होऊन हळूच विचारलं, जागा सोडता का, कंपनी पैसे देईल, हॉटेल देईल. मी नाही म्हटलं. बार्बा थोदोसिस मात्र माझ्याविरुद्ध एक शब्द बोलला नाही. "बाईंचं तिकीट आहे, बाई जातील," एवढंच द्रोसुलाला म्हणाला आणि बायकोला फोन लावला. एका डोळ्यानं त्याला बटणं दिसेनात. फोन स्पीकरवर गेला आणि सगळ्या गेटनं ऐकला.

"आज जमत नाहीसं दिसतंय गं. परवा येतो."

"मग परवापर्यंत मी दार उघडत नाही," म्हातारी म्हणाली.

"अगं, असं काय करतेस?"

"वर्षाचं पहिलं पाऊल तुझंच पडलं पाहिजे घरात. गेल्या साली तुझ्याआधी ती शेजारीण घुसली आणि मार्चमध्ये माझा खुबा मोडला. तिचा पायगुण मला ठाऊक आहे. मी आतून अडसर घालतेय."

"ती तुला औषध देते. जेवण देते."

"खिडकीतून देईल."

"आणि पडलीस तर?"

"पडले तर पडले. तू डाळिंब घेतलंस का उंबऱ्यावर फोडायला, शकुनाचं?"

"घेतलंय," तो म्हणाला आणि कोटाचा खिसा चाचपला.

मला संताप आला. म्हातारीचा, त्या वाऱ्याचा, आणि सगळ्यात जास्त 'पडले तर पडले' या शब्दांचा, कारण सकाळी तेच मी म्हटलं होतं. खुबा मोडलेली बाई, दोन दिवस आतून बंद घर. तसले अडसर मी बघितले आहेत, लोखंडी असतात, बाहेरून चार माणसांना तुटत नाहीत. पण कार्डही मी सोडणार नव्हते. दोन्ही गोष्टी मला हव्या होत्या. मी थेक्लाला खांबाआड ओढलं.

"मी जागा सोडली तर उड्डाणं गेली, बरोबर?"

"स्वतःहून सोडली तर गेली. सोडा ना, क्यूरिया एव्हान्थिया. देव बघतो."

"देव बघतो, तुमचा कॉम्प्युटर बघत नाही. आता कलम सतरा सांग."

तिला पाठ नव्हतं. मला होतं. कंपनीनं प्रवाशाला मर्जीविरुद्ध उतरवलं, तर त्याच्या तिकिटावरची सगळी उड्डाणं झाली असं धरायचं.

"सोनेरी कार्डवाल्यांना उतरवता येत नाही," थेक्ला म्हणाली.

"दुसऱ्या प्रवाशाच्या आजारपणासाठी येतं. कलम एकोणीस. त्याच्या डोळ्यावर पट्टी आहे."

ती म्हणाली, "वरचे मला विचारतील, मर्जीविरुद्ध कशावरून? हे कुणाला कळलं तर माझी नोकरी जाईल."

"कुणाला कळणार नाही. आणि साक्षीदार चाळीस आहेत. फक्त तू मोठ्यानं सांग."

"लोक तुम्हाला शिव्या घालतील."

"घालू देत."

थेक्ला काउंटरमागे गेली आणि माइकवरून म्हणाली, की वैद्यकीय कारणासाठी एका प्रवाशाला उतरवण्यात येत आहे. माझं नाव घेतलं. आणि मी सुरू झाले.

भांडायला मला तयारी लागत नाही. सवयीनं बरोबर आणलेली पेटी मी काउंटरवर आपटली. म्हटलं, हलणार नाही, पोलीस बोलवा. म्हटलं, कुणाच्या डोळ्याशी माझा काय संबंध? म्हटलं, तेवीस वर्षं माणसाला राबवून घेता आणि मग आराम करा म्हणता? कोण तुम्ही मला आराम करा सांगणारे? थेक्ला क्षणभर गोंधळली, कारण आराम करा असं ती म्हणालीच नव्हती. माझा आवाज फाटला. ते नाटक नव्हतं.

घोटाळा केला तो म्हाताऱ्यानं. काठी टेकत जवळ आला. "बाई, रडू नका. मी राहतो. तुम्ही जा."

सगळं मुसळ केरात जाणार होतं. थेक्लाचा चेहरा उतरला. मी त्याच्या अंगावर खेकसले, "तुम्हाला कुणी विचारलंय? निघा इथून. ती पट्टी दाखवून कीव मागताय आणि वर मला उपकार?"

त्याचा चांगला डोळा लाल झाला. त्यानं बोर्डिंग पास घेतला. दारापाशी वळला आणि शांतपणे म्हणाला, "साठीला आलात. थोडी माणुसकी शिका." द्रोसुलानं टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच. मी तोंड मिटून उभी राहिले, कारण थेक्ला अजून लिहीत होती. तिनं शिक्का मारला आणि कागद माझ्याकडे सरकवला. 'प्रवाशाला मर्जीविरुद्ध उतरवले. प्रवाशाचे वर्तन अत्यंत उद्धट.'

"उद्धट कशाला घातलंस?" मी पुटपुटले.

"पुरावा," ती म्हणाली. तीन वाजता तिनं मला फोन करून कळवलं, विमान उतरलं.

द्रोसुलानं हे सगळं इंटरनेटवर टाकलं, फोटोसकट. जानेवारीत स्ट्रॅटोसनं मोबाइल माझ्यापुढे धरला. "ही तुम्ही?" म्हटलं, "मीच." "शोभतं का हे तुम्हाला?" खरं सांगितलं असतं तर थेक्लाची नोकरी गेली असती. म्हटलं, "शोभतं." पोलिक्सेनीसुद्धा महिनाभर नीट बोलत नव्हती. फेब्रुवारीत कार्ड आलं, त्यावर मुदत संपायची तारीख नव्हती. शिक्क्याचा कागद मी चौकटीत घालून त्या खिडकीजवळच्या टेबलावर ठेवला, कुंडी उचलून स्ट्रॅटोसच्या टेबलावर. आता थेक्ला निवृत्त झाली, मीही झाले, म्हणून तोंड उघडलं.

बार्बा थोदोसिसचा डोळा मात्र उत्तम झालाय. गेल्या वर्षी विमानतळावर त्यानं मला चाळीस पावलांवरून ओळखलं आणि तोंड फिरवलं. बायको बरोबर होती, काठी टेकत, पण स्वतःच्या पायांवर उभी. तिनं त्याला विचारलं, कोण रे ती? तो म्हणाला, कुणी नाही. मी कार्ड काढलं आणि सोनेरी रांगेतून त्यांच्या पुढे गेले.