तिठ्यावरचा चोथा

यिंगचुन मातीच्या भांड्यातला काढा वाडग्यात गाळत होती, आणि पाठीमागून सासूबाईंचं रोजचंच चाललं होतं, "एका दमात पी. थेंब उरला की विष उरतं."

विष म्हणजे इसब. चार महिन्यांच्या निनीच्या दोन्ही गालांवर लाल, ओलसर चट्टे उठले होते. पोर उशीवर गाल घासून घासून रडायची. गरोदरपणी सुनेने दोनदा नदीची कोळंबी खाल्ली, तेच विष पोटातून लेकीच्या अंगावर उतरलं, असा घरात निवाडा झाला होता. त्यानंतर गेले पाच आठवडे यिंगचुनला दोन्ही वेळा नुसती पेज आणि खारवलेली भाजी, वर हा काढा. अंडं नाही, मासा नाही. दूध आटत चाललं होतं. पोर भुकेने रडली तरी बोल विषालाच. नवरा देशंग हे सगळं बघायचा आणि मोबाईलमध्ये डोकं घालायचा. कोळंबी त्यानेच आणली होती, हे मात्र कुणालाच आठवत नव्हतं.

काढा पिऊन झाला की चोथा तिठ्यावर नेऊन टाकायचा. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी तुडवला की रोग त्यांच्या पायांबरोबर निघून जातो म्हणे. कुणाच्या घरी जातो, ते विचारायचं नसतं.

त्या सकाळी तिठ्यावर म्हातारे फू वैद्य येता येता थांबले. काठीने चोथा उकरून त्यांनी एक तुकडा नाकाशी धरला.

"ही साल तर मी लिहून दिलेली. पाच आठवडे झाले, अजून उकळताय? आणि पितंय कोण?"

"मीच, आजोबा."

"अगं बाई! हे धुवायला दिलं होतं. गार करून, फडक्याने, लेकराच्या गालांना. तेही सात दिवस. पोटात घ्यायला कुणी सांगितलं?"

यिंगचुनने घराकडे बोट दाखवलं. औषध आणलं त्या दिवशी वैद्यांकडे सासूबाई एकट्याच पोरीला घेऊन गेल्या होत्या.

वैद्य तरातरा घरी आले. सासूबाईंनी चहा पुढे केला, पण ऐकून घ्यायची त्यांची तयारी नव्हती.

"विष आईच्या पोटातलं, मग औषध आईच्याच पोटात नको? आणि गर्भातलं विष हे तुम्हीच म्हणालात, वैद्यबुवा."

फू वैद्यांनी पेला खाली ठेवला. "म्हणालो असेन. चाळीस वर्षं म्हणतोय. माझे वडीलही म्हणायचे. आई काय खाते, कशी जगते, कधी विचारलंच नाही. चूक माझी. आता तिला जेवू घाला. पोरीला तीन-तीन रजयांत गुंडाळू नका, उकाड्याने खाज वाढते. आठवड्यात उतार पडला नाही, तर इस्पितळात दाखवा."

ते उंबऱ्याबाहेर पडले आणि सासूबाई म्हणाल्या, "म्हातारचळ लागलाय." दुपारी वाडगे पुन्हा पुढे आले. तीच पेज, तोच काढा. एवढं सगळं सांगूनही!

यिंगचुनने काढ्याचा वाडगा गार होऊ दिला. मग त्यात स्वच्छ फडकं बुडवून पिळलं आणि निनीच्या गालावर हलकेच ठेवलं. दोन रजया काढून बाजूला टाकल्या. चुलीवर कढई चढवून तीन अंडी फोडली.

"अगं, पोरीच्या अंगावर उठेल! मग जबाबदार कोण?"

"मीच. इतके दिवस मीच होते ना, आई? आता जेवून जबाबदार राहते."

"आईचं ऐक ना गं, उगाच कशाला..." देशंग म्हणाला.

"कोळंबी कुणी आणली होती?"

तो पुन्हा मोबाईल शोधू लागला.

तिने उभ्याउभ्याच तिन्ही अंडी खाल्ली आणि चोथा घेऊन ती बाहेर आली. तिठ्यावरून शेजारची रुओलान चालली होती, सातवा महिना लागलेली. यिंगचुनने चोथा अंगणातल्या झाडाच्या बुंध्याशी ओतला.

निनीचे गाल अजून लालच होते. एका दिवसात ते निवळणार नव्हते, हे यिंगचुनलाही कळत होतं.

रुओलान कुंपणापाशी थबकली. आत ऐकू जाणार नाही एवढ्या हलक्या आवाजात तिने विचारलं, "ताई, मला कोळंबी खावीशी वाटते गं. खाऊ का?"

"खा," यिंगचुन मोठ्याने म्हणाली. "आणि कुणी काही बोललं, तर त्याला माझ्याकडे पाठव."