तीनशे अठरा नंबरची मादी

पाणीपुरवठ्याचा जुना बोगदा कधीचाच बंद पडला आहे. आता हिवाळ्यात तिथे वटवाघळं झोपतात. आत्याने त्यांची मोजदाद सुरू केली तेव्हा भाचीचा जन्मही झाला नव्हता. पुढे आत्याचे गुडघे गेले, मग आठवणही दगा द्यायला लागली, आणि वह्या, छोटा तराजू, कड्यांचा डबा असं सगळं भाचीकडे आलं. कडं म्हणजे नंबर कोरलेली पातळ पट्टी. ती पंखातल्या, म्हणजे वटवाघळाच्या हाताच्या, हाडाभोवती वळवून बसवायची, की ते वटवाघूळ जन्मभर ओळखता येतं.

"एवढासा जीव इतकी वर्षं कसा जगतो?" भाचीने लहानपणी विचारलं होतं.

"उंदराला वर्षाच्या आत कोणीतरी गट्टम करतं," आत्या म्हणाली होती. "मग त्याची म्हातारपणची तब्येत निसर्गाने कशाला सांभाळायची? वटवाघूळ उडून जातं, फटीत दडतं. त्याला जगायला वेळ मिळतो, म्हणून टिकाऊ अंगाचीच मागे उरली. पण झिजतात गं तीही. दात बघितले की कळतं."

यंदा एका सकाळी भाचीने छतातल्या फटीतून एक मादी अलगद उचलली. कड्यावर नंबर होता ३१८. वहीप्रमाणे ते कडं एक्केचाळीस वर्षांपूर्वी घातलेलं. तिने बोटाने ओठ सरकवला. दात पांढरेशुभ्र, सुईसारखे.

तिने वही चाळली. वीस वर्षांपूर्वीची नोंद, आत्याच्या अक्षरात: 'सुळे झिजून बोथट.'

वटवाघळाला दात पुन्हा येत नाहीत.

दुपारी ती आत्याकडे गेली. आत्या खुर्चीत बसून लोकर गुंडाळत होती.

"आत्या, तीनशे अठरा सापडली."

"ती कशी सापडेल? मेली ना ती. माझ्या हातात मेली."

"कधी?"

"तू कॉलेजात होतीस. मी तिचं कडं काढून एका पिल्लाला घातलं." आत्याने नजर वर केली नाही. "विभागातले वरचे लोक मोजदादीचं काम गुंडाळायला निघाले होते. इतकी म्हातारी मादी जिवंत आहे म्हटल्यावर गप्प बसले."

याच नोंदींवर भाचीने आपला प्रबंध लिहिला होता. ती उठली आणि मोरीतली घासलेली भांडी पुन्हा घासायला लागली.

आणि तरी हिशेब बसत नव्हता. ते पिल्लूही आता म्हातारं व्हायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने बोगद्यात जाऊन त्याच मादीचं कडं पक्कडीने कापलं आणि भिंगाखाली धरलं. पट्टी दुसऱ्यांदा वळवली की धातूवर चुणी पडते. चुणी नव्हती. कड्याखालच्या कातडीला जाड घट्टा पडला होता आणि हाडात खोल खाच गेली होती. अशी खाच पडायला तीस-चाळीस वर्षं लागतात. कडं पहिल्यापासून याच हातात होतं. हात म्हातारीचा होता, दात मात्र पोरीचे.

गाढ झोपेतून उठायला वटवाघळाला चांगला अर्धा तास लागतो. हिने एकदम डोळे उघडले. धडपड नाही, चावा नाही. नुसती बघत राहिली.

भाचीने तिला फटीत ठेवलं आणि शेजारचं, कडं नसलेलं वटवाघूळ उचललं. हात चाचपला. खाच. त्याच्या पलीकडचं घेतलं. खाच. एकामागून एक एकोणीस झाली. एकाच्याही हातात कडं नव्हतं, आणि सगळ्यांचे दात नवे.

"बाई, झालं का?" बोगद्याच्या चौकीदाराने दारातून हाक मारली.

"आलेच, काका," ती म्हणाली आणि दिवा वर केला. छतभर बारीक बारीक डोळे चमकत होते. सगळे उघडे. सगळे तिच्यावर.

संध्याकाळी तिने हे आत्याला सांगितलं. आत्याच्या हातातली लोकर थांबली. तिने आपला तळहात उघडून पाहिला.

"मग माझ्या हातात मेलं ते काय होतं गं?"

भाचीने तिच्या पायांवर शाल सारखी केली. आत्याचा हात बर्फासारखा गार पडला होता. तो चोळत ती दिवेलागणीपर्यंत तिथेच बसून राहिली.

आठवड्याने ती विभागातल्या दोघांना बोगद्यात घेऊन गेली. छत रिकामं होतं. ऐन थंडीत, बाहेर खायला एक किडा नसताना, शेकडो वटवाघळं निघून गेली होती. चौकीदाराला पंखाचा आवाजसुद्धा आला नव्हता.

"रजा घ्या थोडी," दोघांतला थोरला समजुतीच्या सुरात म्हणाला. "बोगद्यात फार दिवस काढलेत तुम्ही."

तिने रजा घेतली नाही. प्रबंधातल्या आकड्यांवर विसंबू नये, असं पत्र तिने स्वतःच्या सहीने विभागाला पाठवलं. वटवाघळांचं काम दुसऱ्या कुणी मागितलं नाही. पुढच्या हिवाळ्यापासून ती तळ्यावरची बदकं मोजायला लागली, दुर्बिणीतून, लांबून. हातात घेत नाही.